आधीच लिहिलेल्या कागदाला कुलूप

तयार असलेल्या फाईलला पासवर्ड लावता येत नाही. रोज हजारो लोक हेच करत असतात, त्यामुळे हे वाक्य खोटं वाटेल. पण आत काय घडतं ते पाहिलं की पटतं. प्रोग्रॅम जुनी फाईल उघडून वाचतो, तिच्यातला मजकूर सांकेतिक रूपात एका नव्या फाईलमध्ये लिहितो आणि ती नवी फाईल आपल्याला देतो. जुनी मुद्दाम काढली नाही तर जिथे होती तिथेच असते, पूर्वीइतकीच उघडी. बहुतेकदा नवीला जुनीचंच नाव देऊन तिच्या जागी बसवलं जातं, म्हणून आपल्याला वाटतं की त्याच फाईलला कुलूप बसलं.

घरच्या दफ्तरासाठी असा प्रोग्रॅम लिहायला घेतला तेव्हापासून ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

दफ्तर म्हणजे पत्र्याची एक ट्रंक. आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठावर. इथे कागद टिकवणं हे एक काम असतं. चार महिने पाऊस, बाराही महिने खारी हवा, आणि ट्रंक जमिनीला टेकली तर वाळवी. काका दर दिवाळीनंतर सगळे कागद ओटीवर पसरून उन्हं दाखवतात आणि वेखंडाचे तुकडे घालून परत ठेवतात. इतकं जपूनही जुन्या फेरफारांच्या नकला घडीवर फाटल्या आहेत. त्यात २२ जुलै २०२१ उजाडला. वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घराघरांत शिरलं, आणि तिथल्या आमच्या नातेवाइकांकडची कागदपत्रं लगदा होऊन बाहेर आली. त्यानंतर आमच्या सगळ्या नात्यात एकच लाट आली: कागदांचे फोटो काढा, स्कॅन करा, ग्रुपवर टाका, म्हणजे कुठे ना कुठे तरी राहतील.

ते राहिले. इतक्या ठिकाणी राहिले की आता दुसरीच काळजी लागली.

कोकणातल्या सामायिक जमिनीचा कारभार ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. एका सातबाऱ्यावर नावांची रांग असते. त्यातले काही गावात, बरेचसे मुंबई-ठाण्याकडे, आणि काही नावं अशा माणसांची जी हयात नाहीत. वारस नोंद, वाटणी, बागेसाठी पीककर्ज, रस्त्याची मोबदल्याची नोटीस, काहीही निघालं की संमतीपत्र लागतं किंवा कुलमुखत्यारपत्र लागतं, आणि त्याला प्रत्येकाचं आधार, पॅन, फोटो आणि बँकेचं पासबुक जोडावं लागतं. मग कोणीतरी उत्साहाने हे सगळं एकाच पीडीएफमध्ये जोडतं. त्या एका फाईलमध्ये माझ्या आत्याचं पूर्ण नाव, जन्मतारीख, सही, अंगठा, खाते क्रमांक आणि तिचा किती गुंठ्यांवर हक्क आहे हे सगळं एकत्र असतं. ही फाईल ग्रुपवर जाते, तिथून झेरॉक्सवाल्याकडे, तिथून कोणाच्या तरी ओळखीच्या मध्यस्थाकडे. आत्याला यातलं काही विचारलेलं नसतं.

हे थांबवावं असं मला मनापासून वाटलं. म्हणून मी प्रोग्रॅम लिहिला.

पायथन या संगणकभाषेत मूळ काम काही ओळींचं आहे. फोल्डरमधली एकेक पीडीएफ उघडायची, पासवर्ड द्यायचा, नव्या नावाने जतन करायची. पाइकपीडीएफ नावाचं मुक्त ग्रंथालय, म्हणजे तयार कोडचा संच, आहे. त्याच्या पोटात क्यूपीडीएफ हे जुनं, भरवशाचं साधन काम करतं. पायपीडीएफही आहे, शिकायला सोपं. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी लागते: पायपीडीएफला पद्धत सांगितली नाही तर ते आरसी-४ ही जुनी पद्धत वापरतं. फाईल पासवर्ड मागते, सगळं नीट झाल्यासारखं दिसतं, पण आतलं कुलूप मागच्या पिढीचं असतं. एईएस-२५६ ही नवी, भक्कम पद्धत हवी असं स्पष्ट लिहून द्यावं लागतं.

या पद्धतींचा इतिहास थोडा सांगते, कारण आपल्या हातातली फाईल किती सुरक्षित हे त्यावरच ठरतं. पीडीएफचा जन्म १९९३चा. सुरुवातीच्या कुलपाची किल्ली ४० बिटांची होती, कारण त्या काळी अमेरिकेतून याहून भक्कम संकेतन परदेशी पाठवण्यावर बंधनं होती. ४० बिट म्हणजे साधारण १ लाख १० हजार कोटी शक्यता. माणसाला हा आकडा प्रचंड वाटतो. आजच्या यंत्राला नाही. २००१च्या आसपास १२८ बिट आले, पुढे एईएस आलं. एईएस मुळात दोन बेल्जियन तज्ज्ञांचं, योआन डेमन आणि व्हिन्सेंट राइमेन यांचं. खुल्या स्पर्धेतून निवडून नोव्हेंबर २००१मध्ये अमेरिकेने ते मानक म्हणून स्वीकारलं. नंतर एक शिकवण देणारी गोष्ट घडली. २००८मध्ये पीडीएफमध्ये एईएस-२५६ आलं, पण पासवर्ड बरोबर आहे की नाही हे तपासायची रीत आधीपेक्षा हलकी झाली. किल्ली लांब, आणि तरी पासवर्डचा अंदाज करून पाहणाऱ्याला काम पूर्वीपेक्षा सोपं! २०१७च्या पीडीएफ २.० मानकात ती तपासणी पुन्हा जड केली गेली. म्हणून नुसतं ‘२५६’ वाचून समाधान मानू नये. पाइकपीडीएफमध्ये संकेतनाची आवृत्ती ६ (R=6) मागावी, म्हणजे हे दुरुस्त केलेलं रूप मिळतं.

पीडीएफला दोन पासवर्ड असतात हे पुष्कळांना ठाऊक नसतं. एक उघडण्याचा. दुसरा मालकाचा, ज्याने ‘छापता येणार नाही’, ‘मजकूर उचलता येणार नाही’ अशी बंधनं घातली जातात. फक्त दुसराच लावला तर फाईल कोणालाही उघडते, कारण ती उलगडायला लागणारं सगळं फाईलमध्येच असतं. बंधनं पाळायची की नाही हे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सभ्यतेवर असतं. आमच्याकडे बागेला गडगा असतो. कंबरेएवढा, दगडावर दगड रचलेला. त्याने हद्द कळते, गुरं अडतात, आणि भला माणूस पलीकडून हाक मारतो. पण ज्याला यायचंच आहे त्याला तो अडवत नाही. मालकाचा पासवर्ड म्हणजे गडगा. त्याचा उपयोग आहे, त्याचा मान ठेवावा. मात्र आत्याचं आधार त्याच्या भरवशावर ठेवू नये.

हाच प्रकार एक्सेलमध्ये. आमचा आंब्याचा हिशेब, कोणाच्या किती पेट्या, कोणाची किती उचल, एका एक्सेलमध्ये असतो आणि चुलतभावाने त्याला ‘शीट प्रोटेक्ट’ करून पासवर्ड लावलेला होता. तो पासवर्ड फक्त चौकटींतले आकडे बदलू देत नाही. आजकालची एक्सेल किंवा वर्डची फाईल ही आतून झिपचं गाठोडं असते. गाठोडं सोडलं की आत साध्या मजकुराच्या फायली निघतात आणि सगळे आकडे त्यात वाचता येतात. ते बंधन म्हणजे त्या मजकुरातली एक ओळ, एवढंच. पायथनचं ओपनपायएक्सएल वापरून जो पासवर्ड लावता येतो तोही याच जातीचा, आणि त्याची माहितीपुस्तिका हे प्रामाणिकपणे सांगते.

खरं कुलूप लावलेली वर्ड किंवा एक्सेलची फाईल मात्र मुळापासून बदलते. ते अख्खं गाठोडं सांकेतिक होतं आणि ऑफिसच्या जुन्या धाटणीच्या एका वेगळ्या पेटीत बसवलं जातं. नाव तेच राहतं, नावाचं शेपूटही (.xlsx, .docx) तेच, पण पहिले काही बाइट पाहिले तर कळतं की हे आता झिप नाही. माझ्या प्रोग्रॅममध्ये ही तपासणी सगळ्यात आधी आहे: शेपटावर विश्वास न ठेवता पहिले बाइट वाचायचे, म्हणजे आधीच कुलूप असलेल्या फाईलवर दुसरं कुलूप चढत नाही. ऑफिसच्या नव्या आवृत्त्या पासवर्डपासून किल्ली बनवताना तीच आकडेमोड एक लाख वेळा करतात. आपल्याला उघडताना तो उशीर जाणवतही नाही. पण कोट्यवधी अंदाज करून पाहणाऱ्याच्या वाटेत तो प्रत्येक पावलाला आडवा येतो. हा विचार मला फार आवडतो. यंत्राच्या वेगाविरुद्ध मुद्दाम पेरलेला संथपणा.

मी हिशेबाच्या फायलींसाठी एमएसऑफक्रिप्टो हे पायथनचं साधन वापरलं. कुलूप काढण्यासाठी ते प्रसिद्ध आहे. लावण्याची सोय प्रायोगिक म्हणून आहे, तेव्हा प्रत्येक फाईल एक्सेलमध्ये उघडून पाहिल्याशिवाय मी पुढे गेले नाही.

आणि हेच, माझ्या मते, या सगळ्या प्रोग्रॅमचं खरं अंग आहे. कुलूप लावणाऱ्या ओळी चार-दोन. बाकीच्या सगळ्या ओळी काळजीच्या. नवी फाईल आधी तात्पुरत्या नावाने लिहायची. मग तीच पासवर्ड देऊन पुन्हा उघडायची, पानांची संख्या जुळते का पाहायची, पासवर्डशिवाय ती उघडत नाही ना हेही पाहायचं. मग एकाच घासात नाव बदलायचं, म्हणजे मध्येच वीज गेली तरी अर्धवट फाईल मागे राहत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा ही शक्यता मी पुस्तकात वाचून घातलेली नाही. पासवर्ड प्रोग्रॅममध्ये लिहायचा नाही; तो चालवताना विचारायचा, आणि टाइप करताना पडद्यावर दिसू द्यायचा नाही. आदेशाच्या ओळीतही द्यायचा नाही, कारण संगणक दिलेले आदेश लक्षात ठेवतो. जुनी फाईल पुसण्याचं काम सगळ्यात शेवटी, आणि ते प्रोग्रॅमने परस्पर करायचं नाही; यादी दाखवून विचारायचं.

आता कशाला कुलूप लावायचं. फोल्डर निवडून सगळ्यावर एकदम प्रोग्रॅम फिरवणं सोपं आहे, आणि तसं करणं चुकीचं आहे.

सातबारा हा सरकारी अभिलेख आहे. गट क्रमांक माहीत असेल तर महाभूलेखवर तो कोणीही पाहू शकतं. त्याला पासवर्ड लावून आपण काहीच झाकत नाही. उलट घरातल्या ज्या माणसाला तो लागेल त्याचीच अडचण करतो. शिवाय ऑनलाइन मिळणाऱ्या अधिकृत सातबाऱ्यावर डिजिटल स्वाक्षरी असते. ही स्वाक्षरी फाईलमधल्या नेमक्या बाइटांवर केलेली असते. प्रोग्रॅमने कुलूप लावायला फाईल पुन्हा लिहिली की ते बाइट बदलतात आणि स्वाक्षरी तुटते. चित्र दिसतं, नाव दिसतं, पण सॉफ्टवेअर सांगतं की ही खरी नाही. म्हणजे आपण जपण्यासाठी जे केलं त्यानेच कागदाचा खरेपणा गेला. ई-आधारचंही हेच, तीही स्वाक्षरी असलेली पीडीएफ आहे.

अशा फायलींसाठी उपाय एकच आहे: त्यांना हात लावायचा नाही. जशाच्या तशा एका कुलूपबंद गाठोड्यात ठेवायच्या. सेव्हन-झिपने एईएस-२५६ वापरून असं गाठोडं बांधता येतं आणि आतल्या फायलींची नावंही झाकता येतात. नाव झाकणं लहान गोष्ट नाही. ‘मृत्युपत्र अंतिम’ एवढं नावच पुष्कळ बोलतं. झिपची जुनी पासवर्ड पद्धत मात्र घेऊ नये. १९९४मध्येच एली बिहम आणि पॉल कोचर यांनी तिचं मर्म उघड केलं होतं: आतल्या मजकुराचा थोडा भाग जरी माहीत असला तरी बाकीचा सोडवता येतो.

ई-आधारचा पासवर्ड सगळ्यांना ठाऊक आहे, कारण तो ठरलेल्या रीतीचा असतो: इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्माचं वर्ष. कोट्यवधी लोकांना तो न विसरता वापरता यावा हा त्यामागचा विचार मला समजतो, आणि फाईल चुकून तिऱ्हाइताच्या हाती पडली तर त्याचा उपयोगही आहे. पण गावात कोणाचं नाव आणि कोणाचं जन्मवर्ष कोणाला माहीत नसतं? ई-पॅनला जन्मतारखेचे आठ आकडे. आठ आकडी म्हटलं की दहा कोटी शक्यता वाटतात. प्रत्यक्षात शंभर वर्षांत तारखाच ३६,५२५. साधा लॅपटॉप एका दुपारच्या आत त्या सगळ्या तपासून होतो. आपल्याकडचे बहुतेक घरगुती पासवर्ड याच दोन साच्यांतले असतात, किंवा मग गाडीचा क्रमांक, किंवा कुलदैवताचं नाव आणि १२३. कुलदैवत तर गावात सगळ्यांना ठाऊक असतं.

माझी निवड फाशांची आहे. शब्दांची मोठी यादी घ्यायची, पाच फासे टाकायचे, आलेल्या आकड्यांपुढचा शब्द उचलायचा. पाच फाशांच्या ७,७७६ जुळण्या होतात, तेवढेच शब्द यादीत. ही पद्धत अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५मध्ये मांडली. असे सहा शब्द घेतले की शक्यता होतात जवळपास २२वर २२ शून्यं एवढ्या. मी माझी यादी मराठी शब्दांची केली, रोमन लिपीत लिहिलेली: पोफळ, पडवी, व्हाळ, कुणगा, सडा, आमसूल, बेडं, खळं. काकांना असे सहा शब्द एकदा वाचले की पाठ होतात, कारण ते शब्द त्यांच्या आयुष्यातले आहेत. फक्त ते मनाने निवडायचे नाहीत. मनाने निवडले तर काका प्रत्येक वेळी आंबाच निवडतील, आणि हे त्यांना ओळखणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

रोमन का, देवनागरी का नाही, याचं मला वाईट वाटतं. पण कारण आहे. पीडीएफच्या जुन्या पद्धतींत पासवर्ड ३२ बाइटांत बसवलेला असे आणि देवनागरीला तिथे जागाच नव्हती. नव्या पद्धतीत युनिकोड चालतं, मर्यादा १२७ बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे ४२ चिन्हं मावतात, आणि आपल्याकडे काना, मात्रा, हलन्त सगळी वेगळी चिन्हं. तेवढ्यात भागेलही. खरी अडचण पुढे आहे. ‘वाऱ्यावर’ लिहिताना तो अर्धा र दोन-तीन वेगवेगळ्या मार्गांनी टाइप होतो. डोळ्यांना एकच दिसतं, आत बाइट वेगळे. ही रूपं आधी एकसारखी करून घ्यावीत असं मानक सांगतं, पण प्रत्येक सॉफ्टवेअर तेवढी तसदी घेईलच याची हमी नाही. शिवाय पासवर्डच्या चौकटीत अक्षरांऐवजी ठिपके दिसतात, त्यामुळे जोडाक्षर जुळलं की नाही हे कळायला मार्ग नाही. मुंबईत भावाने त्याच्या फोनवर टाइप केलेला शब्द आणि गावात काकांनी लॅपटॉपवर टाइप केलेला शब्द एकच असेल याची खात्री मला देता येईना. आपल्या लिपीत आपल्या घराचं कुलूप उघडावं ही इच्छा मी सोडलेली नाही. ते काम सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचं आहे, आणि मराठी लिहिणाऱ्यांनी ते पुन्हा पुन्हा मागत राहायला हवं.

हे सगळं तयार करून मी काकांना दाखवलं. ते गणिताचे शिक्षक होते. आता बाग आणि दफ्तर पाहतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “अगो, मी गेल्यावर हे उघडणार कोण?”

“पासवर्ड ज्याच्याकडे असेल तो, काका.”

“आणि तो हरवला तर?”

हरवला तर नाही उघडणार. कोणाला फोन करून सोय नाही, ओटीपी नाही, अर्ज नाही. चांगल्या कुलपाचं लक्षणच ते.

“मग पुराचं पाणी परवडलं,” काका म्हणाले. “चिपळूणच्या कागदांतले थोडे तरी वाळवून वाचता आले.”

या वाक्यापुढे माझा प्रोग्रॅम बराच वेळ बंद राहिला. काकांचं म्हणणं बरोबर होतं. कागद हरवण्याच्या भीतीने आपण प्रती काढल्या, प्रती पसरण्याच्या भीतीने कुलूप आणलं, आणि आता कुलूपच कागद गिळणार असेल तर आपण काय मिळवलं? किल्ली एकाकडे ठेवावी तर तो एक जण आजारी पडतो, विसरतो, जातो. किंवा त्याचं डोकं फिरतं आणि तो इतरांना दारात उभं करतो. भाऊबंदकीत दफ्तर कोणाच्या ताब्यात यावरून किती घरं फुटली आहेत ते आपण जाणतो. किल्ली सगळ्यांकडे द्यावी तर ती पुन्हा ग्रुपवर येणार.

याचं उत्तर १९७९मध्ये अदी शामीर या गणितज्ञाने देऊन ठेवलं आहे, आणि ते काकांना समजवायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. आलेखाच्या कागदावर एक तिरकी रेषा काढा. ती उभ्या अक्षाला जिथे छेदते ती उंची हे गुपित. आता त्या रेषेवरचे तीन बिंदू तिघांना वाटून द्या आणि रेषा पुसून टाका. एका बिंदूतून अगणित रेषा जातात, म्हणून एकट्याला काहीच कळत नाही, गुपिताचा अंशही नाही. कोणतेही दोघं एकत्र आले की—

“दोन बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते,” काकांनी वाक्य पुरं केलं. चाळीस वर्षं त्यांनी हे फळ्यावर लिहिलेलं आहे. मग ते स्वतःच पुढे म्हणाले, “म्हणजे तिघांतला एक गेला तरी अडत नाही, आणि एक बिघडला तरी एकट्याला उघडता येत नाही.” पासवर्डचे नुसते दोन तुकडे करण्यापेक्षा हे का बरं, तेही त्यांनी सांगितलं: तुकड्यात अर्धा पासवर्ड उघडा पडतो, बिंदूत काहीच पडत नाही.

प्रत्यक्षात साध्या आलेखाऐवजी मर्यादित संख्यांच्या गणितात हे करतात, आणि ते गणित मी हाताने लिहिलं नाही. सुरक्षेचं गणित स्वतः नव्याने रचू नये, अनेकांनी तपासलेलं घ्यावं, हा नियम मी कसोशीने पाळते. तसं तयार साधन घेतलं. तीन वाटे छापले.

तिघं कोण यावर मात्र खूप बोलणं झालं. काका आणि डोंबिवलीचा चुलतभाऊ ही दोन नावं लगेच ठरली. तिसऱ्या वाट्यासाठी आणखी एका भावाचं नाव पुढे आलं. मी आत्याचं नाव घेतलं. ती वेंगुर्ल्याला असते. २००५च्या कायद्याने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका वाटा मिळाला. त्याच्या कितीतरी आधीपासून तिच्या सह्या मात्र प्रत्येक कागदावर घेतल्या जात होत्या. तिच्या आधारची प्रत आमच्यातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये होती. त्या फायलींमध्ये सगळ्यात जास्त उघडी पडलेली व्यक्ती तीच, आणि दफ्तर कधी हातात न मिळालेलीही तीच. माझ्या मते हा वाटा तिला देणं ही मेहेरबानी नव्हती. काकांनी थोडा वेळ घेतला, मग स्वतः फोन करून तिला सांगितलं, “ताई, एक कागद पाठवतोय. जपून ठेव. आम्हा दोघांचं जमलं नाही, तर तुझ्याशिवाय हे उघडणार नाही.” आत्याने विचारलं, “आणि मला बघावंसं वाटलं तर?” काका म्हणाले, “आमच्यापैकी एकाला हाक मार.”

उरलेलं काम संगणकाचं नव्हतं, आणि तेच सगळ्यात जास्त चाललं. नवीन फायली कुलूपबंद झाल्या तरी जुन्या उघड्या प्रती सगळीकडे होत्या. फोनच्या व्हॉट्सअॅपच्या फोल्डरमध्ये, ईमेलमध्ये, झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकाच्या डेस्कटॉपवर, जिथे पेन ड्राइव्ह न आणणाऱ्या प्रत्येकाची फाईल महिनोन्महिने पडून राहते. ग्रुपवरून ‘सगळ्यांसाठी हटवा’ केलं तरी ज्याने ती आधीच पुढे पाठवली त्याची प्रत जात नाही. म्हणून एकेकाला फोन करावा लागला. दुकानदाराला विनंती केली. त्याने समोर बसवून पुसू दिलं आणि कचऱ्याची टोपलीही रिकामी करून दिली. ज्यांच्याकडून ‘पुसलं’ असा शब्द मिळाला तो धरून चालायचं. याहून जास्त काही कोणताही प्रोग्रॅम करू शकत नाही. पुढच्यासाठी मात्र घरात एक रीत पाडली आहे: चालत असेल तिथे मास्क केलेलं आधार द्यायचं, ज्यात शेवटचे चारच अंक दिसतात, आणि प्रत्येकाचे कागद वेगळ्या फाईलमध्ये ठेवायचे, जोडून एक मोठी पीडीएफ करायची नाही.

तिन्ही वाटेकरी एका छपराखाली येतात ते गणपतीत. तेव्हा दोघांचे वाटे जुळवून गाठोडं उघडायचं, फायली उघडतात का पाहायचं, पद्धत जुनी झाली असेल तर नव्याने कुलूप लावायचं, आणि वर्षभरात आलेले नवे कागद आत टाकायचे असं ठरलं आहे. यंदा काका म्हणतात की आत्या आणि चुलतभाऊ यांनी उघडावं, त्यांनी नुसतं बसून पाहावं, म्हणजे त्यांच्याशिवाय जमतं की नाही ते त्यांच्यादेखत कळेल.